तीन बोटांचं माप

काजाभाईंनी माझा उजवा पंजा
पुठ्ठ्यावर पालथा ठेवायला सांगितला
आणि कानावरची पेन्सिल काढून
बोटांच्या कडेकडेनं फिरवली.
"पिशवी करू की पान?"
धारावीत, त्यांच्या पोटमाळ्यावर, सोल्यूशनच्या वासात
मोजा म्हणजे पिशवी, टॅब म्हणजे पान.
म्हटलं, दोन्ही करा, मग ठरवते.
"ठरवायलाही पैसे लागतात, मॅडम," म्हणाले,
आणि बकरीच्या कातड्यात कात्री घातली.

मोजा तीन बोटांचा. अंगठा, करंगळी उघडी,
मनगटाशी बटण.
मरोळला, शाळेमागच्या मैदानात, सकाळी चढवला
की ऊन डोक्यावर येईपर्यंत काढायचा नाही.
त्यातच बाण वेचायचे,
त्यातच थर्मासचं झाकण फिरवायचं.
एकदा तशीच घरी आले, तशीच मेथी निवडली,
निम्मी झाली तेव्हा लक्षात आलं.

टॅब म्हणजे नुसता तुकडा,
विड्याच्या पानाएवढा, मधल्या बोटात अडकवलेला.
बाण लावायला जावं तर उलटा पडतो,
चहाच्या वेळी मुठीतून लोंबतो,
गवतात हरवला की सगळं मैदान वाकून शोधतं.
पण दोरी त्यावरून अशी निसटते
की आपण सोडली, हे आपल्यालाच मागाहून कळतं.

ऑल्विन सर टॅबवाले.
ओजस, वय सतरा, मोज्यावाला. म्हणतो, फील येतो.
पाध्येकाका पोथ्या वाचणारे:
पूर्वीचे वीर घोरपडीच्या कातड्याचं
अंगुलित्राण बांधायचे, हेमलताबाई.
म्हटलं, आता घोरपडीला हात लावला
तर वेगळीच बेडी बांधतील.

एकतीस वर्षं मी मशीद बंदरच्या पोस्टात
ओल्या स्पंजवर बोट टेकवून नोटा मोजल्या.
एखादी चिकटून जास्त आली
तर डोळ्यांआधी बोटाला कळायचं.
आता त्याच बोटांच्या शेंड्यांना
रोज सकाळी सुई, थेंब, पट्टी, आकडा.
"मुंग्या येतात का?" डॉक्टर विचारतात.
येतात. तर्जनीत जास्त.
म्हणून बोटं वाचवणं ठीक,
पण त्यांचं मला ऐकूही यायला हवं,
जोवर बोलतायत तोवर.

तीन महिने आलटून पालटून मारले.
परवा दोन्ही कातडी खिडकीत वाळत घातली
आणि चष्मा लावून बघत बसले.
टॅबवर एकच रेघ, तिघींची मिळून,
सोसायटीच्या नोटिशीखालच्या सहीसारखी,
कुणाचा किती वाटा, पत्ता नाही.
मोज्यावर मात्र वेगवेगळं लिहिलेलं.
तर्जनीवर नुसता ओरखडा.
मधल्या बोटावर बऱ्यापैकी खाच.
आणि अनामिकेवर,
जिला नीट नावसुद्धा दिलं नाही कुणी,
कातडं जवळजवळ कापत आलेलं.

अठ्ठावीस पौंडाचं धनुष्य
ती एकटी ओढत होती की काय.
आणि सोडायची वेळ आली की सगळ्यात शेवटी सोडत होती,
म्हणून माझे बाण डावीकडे जात होते,
आणि मी वाऱ्याला बोल लावत होते.

सरांना दाखवलं. म्हणाले, बघा, म्हणूनच टॅब घ्या,
तिघी एका पांघरुणाखाली, एकदमच सुटतील.
खरं आहे त्यांचं.
टॅबनं माझे सहातले चार पिवळ्यात लागतात,
मोज्यानं दोन, तेही देवाची कृपा असेल तर.

काजाभाईंना फोन केला:
अनामिकेला आतून एक ठिगळ लावून द्याल?
"फक्त एका बोटाला?"
फक्त एका बोटाला.

आज सकाळी सुई डाव्या हाताला टोचली.
उजव्याला म्हटलं, तू राहू दे,
तुला कामावर जायचंय.
आकडा एकशे बेचाळीस.
टॅब पिशवीच्या बाहेरच्या कप्प्यात आहे, असू दे.
मी मोज्याचं बटण लावलं
आणि एका हातानं दाराला कुलूप घातलं.